पीयूच्या पैलवान पोराला कॉलेजवाले पैसे देतो म्हणतात, घ्यावेत का?

खानापूरचा_मामा
नमस्कार मंडळी. भाचा सेकंड पीयूला, म्हणजे बारावीला आहे, वय १७, मातीत वाढलाय पण दोन वर्षं झाली मॅटवर पण करतोय. मागच्या महिन्यात जत्रेच्या फडात त्याची कुस्ती बघून बाहेरच्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजचे सर घरी आले. डिग्रीला आमच्याकडं घाला म्हणाले, फी माफ, हॉस्टेल फुकट, वर ६० हजार हातात आणि महिन्याला खुराकाचे वेगळे. अट एवढीच की तीन वर्षं कॉलेज सोडायचं नाही, ओरिजिनल मार्क्स कार्ड त्यांच्याकडं ठेवायचं, आणि कागदावर फक्त फी माफी लिहिणार, बाकी सगळं विश्वासावर. दाजी खूश, ताई म्हणते पोराचा बाजार मांडला. अमेरिकेत म्हणे हायस्कूलच्या पोरांना कॉलेजं करोडो देतात, खरं काय? आणि पैसे घेतले म्हणून पुढं युनिव्हर्सिटीकडून खेळायला अडचण येते का?

जुना_पठ्ठ्या
बाजार कसला ओ मामा, आम्ही नारळावर कुस्ती धरत धरत मोठे झालो, मग ५१ रुपये, मग बेळगावात आनंदवाडीच्या आखाड्यात जोड लागली की इनाम. तेव्हा कोण म्हणालं नाही पाप केलं म्हणून. शाहू महाराजांनी पैलवान पदरी ठेवले ते काय फुकट? दूध, बदाम, तूप हवेतनं येतंय काय. पैसे घ्या की, पण मार्क्स कार्ड देऊ नका, हात जोडून सांगूलोय. माझं झालंय हे. पहिल्या वर्षी खुराक वेळेवर, दुसऱ्या वर्षी गुडघा गेला, चौथ्या दिवशी हॉस्टेलची खोली रिकामी करा म्हणाले. ट्रंक डोक्यावर आणि लंगडत बस स्टँडला. कार्ड सोडवायला दीड वर्ष गेलं, तोवर पोलीस भरतीची एक संधी हुकली. अजून पाऊस आला की गुडघा सांगतोय.

डॅलसचा_बेळगावकर
इकडचं सांगतो, कारण व्हॉट्सअॅपवर अर्धंच फिरतंय. २०२१ च्या जुलैपासून इथल्या कॉलेज खेळाडूंना स्वतःचं नाव, फोटो वापरू देऊन जाहिरातीतून कमवायला परवानगी मिळाली. मग २०२५ च्या जूनमध्ये कोर्टाने मोठ्या तडजोडीवर शिक्का मारला, आता कॉलेज स्वतः पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षाची मर्यादा एका कॉलेजला सगळे खेळाडू मिळून साधारण २ कोटी ५ लाख डॉलर. त्यातला मोठा वाटा फुटबॉल आणि बास्केटबॉलला जातो, कुस्तीवाल्यांच्या ताटात चटणीच पडते.
पण मामा, तुमच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. जेडन रशाडा म्हणून कॅलिफोर्नियाचा पोरगा, हायस्कूलचा क्वार्टरबॅक, म्हणजे इकडच्या फुटबॉलमध्ये चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू. त्याने २०२४ मध्ये फ्लोरिडा युनिव्हर्सिटीच्या कोचवर आणि श्रीमंत पाठीराख्यांवर केस घातली. १ कोटी ३८ लाख ५० हजार डॉलरचं आमिष दाखवून ओढलं आणि पैसेच दिले नाहीत असं त्याचं म्हणणं आहे. तिथं तर कागद पण होता, वकील पण होते. तुमच्याकडं काय आहे, सरांचा शब्द.

पीटी_मास्तर
खेळायला अडचण यायचं कारण दिसत नाही. खेलो इंडियात निवडलेल्या पोराला वर्षाला १ लाख २० हजार हातखर्चाला मिळतात, आणि ती पोरं युनिव्हर्सिटीकडून खेळतातच. फरक एवढाच की ते पैसे खात्यावर येतात, नोंद राहते.
मार्क्स कार्डाचं म्हणाल तर ओरिजिनल ठेवून घेऊ नका असं यूजीसीनेच २०१८ मध्ये कॉलेजांना बजावलंय. बघून परत द्यायची, झेरॉक्स ठेवायची. आणि पोरगा १७ चा, त्याने केलेला करार १८७२ च्या करार कायद्यानं मुळात करारच नाही. म्हणूनच ते दाजींची सही मागतील. दाजींनी जामीन म्हणून काही लिहून दिलं तर अडकणार दाजी, तेव्हा वाचल्याशिवाय पेन उचलू नका. महिन्याचा खुराक किती, किती तारखेला, आणि दुखापत झाली तर फी माफी आणि खोली राहणार का, एवढं लेटरहेडवर लिहून मागा. देत असतील तर कॉलेज बरं आहे. टाळाटाळ करत असतील तर तेच उत्तर समजा.

गावठी_प्रश्न
सगळं ठीक, पण पोराला कुणी विचारलं का? त्याला डिग्री करायची आहे का, की कोल्हापूरला तालमीत जायचं आहे?

खानापूरचा_मामा
विचारलं काल. गंगावेस तालमीत जातो म्हणतोय, डिग्रीचं नंतर बघू म्हणे. मास्तर, लेटरहेडचं आज फोनवर सांगितलं, सर म्हणाले प्रिन्सिपॉलना विचारून कळवतो.
आणि एक लिहायचं राहिलं, आधी लाज वाटली म्हणून लिहिलं नाही. दाजींनी २० हजार आगाऊ घेतलेत. त्यात घरचे घालून म्हैस आणली, पोराच्या दुधाला. आता नाही म्हणायचं तर ते २० हजार परत द्यायला पाहिजेत, आणि ताई म्हैस विकू देत नाही, म्हणते गाभण आहे.