आजवर काढलेलं सोनं पुरेसं आहे, मग नव्या खाणी कशाला?

सह्यकडा:
माणसाने २०२४ च्या अखेरपर्यंत जमिनीतून सुमारे २ लाख १६ हजार टन सोनं काढलं, असा वर्ल्ड गोल्ड काउन्सिलचा अंदाज आहे. सगळं वितळवून एकत्र ओतलं तर सात मजली इमारतीएवढा, बाजूला २२ मीटर भरेल असा ठोकळा होईल. त्यातलं दोन-तृतीयांश १९५० नंतरचं. सोनं गंजत नाही, म्हणून बहुतेक सगळं आजही कुणाच्या गळ्यात, लॉकरमध्ये नाहीतर सरकारी तिजोरीत आहे.

तरी आपण दरवर्षी ३,६०० टनांच्या आसपास नवं काढतो. बऱ्याच खाणींत टनभर दगडातून एक-दोन ग्रॅम मिळतं. म्हणजे एका तोळ्यामागे पाच ते दहा टन दगड फोडायचा आणि सायनाइडच्या द्रावणात भिजवायचा. हाताने खोदायच्या छोट्या हातखाणींत तर सोनं वेगळं करायला पारा वापरतात. माणसामुळे हवेत जाणाऱ्या पाऱ्यात या खाणींचा वाटा सर्वांत मोठा आहे. इतकं विष कशासाठी? नव्या खाणींना परवानगी देऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

रोखठोक:
असणं वेगळं आणि बाजारात येणं वेगळं. भारतातल्या घरांत २५,००० टन सोनं असल्याचं सांगतात. २०१५ मध्ये सरकारने ते बँकेत ठेवून व्याज घ्यायची योजना आणली. २०२४ च्या अखेरपर्यंत पन्नास टनही जमलं नाही, त्यातही मोठा वाटा देवस्थानांचा आणि संस्थांचा. आईच्या पाटल्या वितळवायला कोण देणार? खाणी बंद केल्यात तर भाव भडकेल आणि लेकीच्या लग्नाला दोन तोळे घेणारा माणूस मरेल.

खानापूरकर:
आमच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं दुष्काळाला कंटाळून बाहेर पडली आणि देशभर गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या धंद्यात शिरली. त्यामुळे हे जवळून पाहतोय. भाव चढला की मोड, म्हणजे वितळवायला दिलेलं जुनं सोनं, येतेच येते. पाटल्या नाही देत, पण तुटलेली साखळी, एकच उरलेलं कर्णफूल, जुनी अंगठी येते. २०२४ मध्ये जगभरात अशा जुन्या सोन्यातून १,३०० टनांहून जास्त सोनं परत आलं. खाणींच्या तुलनेत हे एक-तृतीयांशाहून अधिक झालं, आणि त्यासाठी एकही डोंगर फोडावा लागला नाही.

पूर्वघाट:
कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीचं कुणी बोलत नाही. १२० वर्षांत ८०० टनांच्या आसपास सोनं दिलं, तीन किलोमीटर खोल गेले, २००१ मध्ये टाळं लागलं. आज तिथली माणसं रोज पहाटे रेल्वेने बंगळुरूला कामाला जातात. खाण म्हणजे नुसतं विष नसतं, पिढ्यान्‌पिढ्यांची भाकरी असते.

सह्यकडा:
पूर्वघाट, ती भाकरी मी नाकारत नाही. पण कोलारची खाण कुणा पर्यावरणवाद्याने बंद पाडली नाही. सोनं काढण्याचा खर्च सोन्याच्या भावापेक्षा वर गेला. सायनाइडच्या मातीच्या टेकड्या मात्र गावाला खेटून तशाच आहेत, वारा सुटला की धूळ घरात. नवी खाण उघडणं म्हणजे आणखी एका गावाला हेच देणं.

खनिजवाट:
एक लक्षात घ्या, हा हिशेब चांदीला लावू नका. चांदी खर्च होते. सोलर पॅनेलमध्ये, सर्किटमध्ये ती कणाकणाने विखुरली, परत काढणं बऱ्याचदा परवडत नाही. शिवाय बहुतेक चांदी शिसं, जस्त, तांब्याच्या खाणींतून जोडीला निघते. राजस्थानात जस्त काढायचं थांबवणार का?

सह्यकडा:
मान्य, मी सोन्यापुरतंच बोलतोय. जमिनीत काढण्याजोगं सोनं साठ हजार टनांच्या आसपास उरलंय. या वेगाने ते वीस वर्षंही पुरणार नाही.

रोखठोक:
हा आकडा स्थिर नसतो. भाव वाढला की हलक्या प्रतीचा दगडही परवडतो आणि साठा वाढतो.

सह्यकडा:
म्हणजे त्याच एका तोळ्यासाठी पंधरा-वीस टन दगड. याला तुम्ही साठा वाढणं म्हणता?

खानापूरकर:
रोखठोक, २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचा होत गेला, तेव्हापासून मोडीत गिऱ्हाईक कमी फसतं. शुद्धता दागिन्यावरच छापलेली असते. मोड देताना घट, म्हणजे वजनातली कपात, किती धरली ते पावतीवर लिहायची सक्ती करा, मग किती सोनं बाहेर येतं ते बघा.