मदत हवी आहे: ‘देव नाही’ म्हणणं हीसुद्धा श्रद्धाच का?

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा, देव न मानणारा. आमचे मामाजी दर मंगळवारी टेकडी गणपतीला जातात. माणूस सरळ आहे, म्हणूनच त्यांचा प्रश्न मला टाळता येत नाही: "देव नसल्याचा पुरावा तुझ्याजवळ नाही. मग तुझीही श्रद्धाच झाली ना?"

मी ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलचं उदाहरण दिलं. १९५२ मध्ये त्याने लिहिलं होतं: पृथ्वी आणि मंगळाच्या मधे चिनी मातीची एक किटली सूर्याभोवती फिरतेय, दुर्बिणीलाही न दिसण्याइतकी लहान, असं कोणी म्हटलं तर ते खोटं ठरवता येत नाही, म्हणून ते मानायचं का? पुरावा दावा करणाऱ्याने द्यायचा. इथवर मामाजींना पटतं.

गाडी पुढे अडते. "निसर्गाचे नियम उद्याही तेच राहतील, हे तू कशावरून मानतो?" स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने अठराव्या शतकात हाच पेच टाकला होता, आणि अनुमानावर, म्हणजे दिसलेल्यावरून न दिसलेल्याचा निष्कर्ष काढण्यावर, शंका आपल्याकडच्या जडवादी चार्वाकांनीही घेतली होती. मला वाटतं, नियम तेच राहतील हा भरवसा आम्हा दोघांनाही लागतो. रस्ता ओलांडताना मामाजीही त्याच्याच जोरावर चालतात. देव हा त्यावरचा जास्तीचा दावा. पण हे त्यांच्या गळी उतरेल असं मला मांडता येत नाहीये.

तत्त्वज्ञान शिकलेल्या कोणी मदत कराल का? आणखी एक. आमच्या दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो लोकांनी निर्माता ईश्वर न मानणारा धम्म स्वीकारला. त्यात श्रद्धेचं स्थान काय, हे बौद्ध मित्रांकडून समजून घ्यायचं आहे. मराठीत वाचण्यासारखं काही असेल तर तेही सुचवा.