क्रोशाची किंमत तासांवर लावायची की गिऱ्हाईक बघून?

सुईदोरा: घरून क्रोशाच्या वस्तू विकते. परवा एका बाईंनी बाळाच्या ब्लँकेटची किंमत विचारली, ऐकून म्हणाल्या, "मशीनवरचं पाव किमतीत मिळतं!" अहो, दोन सुयांच्या विणकामाला मशीन आहे, क्रोशाला नाही. कारखान्यातलं 'क्रोशे' कापड फक्त दिसायला तसं असतं, टाका वेगळाच. खऱ्या क्रोशाचा टॉप कुठे स्वस्तात दिसला, तर तोही कुणीतरी हातानेच विणलेला असतो. त्या हातांना काय मिळालं असेल, विचार करा. माझं मत पक्कं आहे: लोकर अधिक माझे तास, त्यात घासाघीस नाही. 'लोकरीच्या दुप्पट' लावून विकणाऱ्या बायकाच भाव पाडतात.

हिशोबनीस: असहमत. आमच्याकडे बायको विणते, वह्या मी ठेवतो. गिऱ्हाईक वस्तू विकत घेतं, तुमचे तास नाही. तुम्हाला चाळीस तास लागले नि दुसरीला पंचवीस, तर जास्तीचे पंधरा त्याने का भरायचे? आम्ही ब्लँकेटं बंदच केली. किचेन, बुकमार्क, केसांचे रबर, एका बैठकीत संपेल तेवढंच. ब्लँकेट ही हौस आहे हो, धंदा नाही.

उसवाउसवी: भाऊ, तुमचं निम्मं पटलं. पण 'लोकरीच्या दुप्पट' हे गणितच चुकीचं आहे, त्यात सुईदोरा बरोबर. सहा मिलिमीटरची सुई आणि जाड लोकर घेतली तर मफलर भराभर वाढतो. तेच बारीक सुती धागा आणि दीड मिलिमीटरच्या सुईवर रुमालाएवढा डॉयली (टेबलावर घालायचा जाळीदार तुकडा) करा. धागा लागतो एक छोटी गुंडी, डोळे जातात आठवडाभर. दुप्पटच्या हिशोबाने तो डॉयली मफलरपेक्षा स्वस्त विकायचा का?

हिशोबनीस: नाही. विकायलाच ठेवायचा नाही.

उसवाउसवी: घ्या! म्हणजे उत्तम काम येणाऱ्यांनी किचेनच करत बसायचं.

रात्रपाळी: तासांच्या बाजूने आहे, पण कोणते तास ते आधी ठरवा. मागे एका शालीच्या शेवटच्या चार ओळींना लोकर कमी पडली. तोच ब्रँड, तोच रंग क्रमांक आणला, डाय लॉट (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक; तो बदलला की छटा बदलते) बघायचा राहिला. रात्री दिव्याखाली काही कळलं नाही. सकाळी खिडकीत धरली तर कडेला सरळ पट्टा. उसवलं सगळं. ते तास माझे, गिऱ्हाइकाचे नव्हेत. धागे आत ओवणं, धुऊन पिना लावून आकार देणं, हे मात्र किमतीत धरते. बहुतेक जणी तेच विसरतात, आणि मनगट दुखायला लागलं की आठवतं.

(अवांतर: तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना प्लास्टिकचे डोळे लावू नका, डोळे धाग्याने भरतकाम करून काढा. वेळ जास्त लागतो, लागू दे.)

सुईदोरा: उसवलेले तास मीही धरत होते, खरं सांगते. ते आता काढते. भाऊंचं किचेन-पुराण मात्र अजून पटत नाही. आत्ताच त्या ब्लँकेटवाल्या बाईंचा मेसेज आला: नऊ ग्रॅनी स्क्वेअरचा (मधून बाहेर विणत नेलेले चौकोन) उशीचा अभ्रा करून द्याल का? आज पहिला चौकोन घड्याळ लावून विणते, मग आकडा सांगते त्यांना.