मेलबर्नच्या उन्हात हलव्याला काटा येत नाही

जाईची_आई
लेकीची पहिली संक्रांत आहे. बोरन्हाण करायचंय, आणि हलव्याचे दागिने माझ्या हातचेच हवेत. माझी आजी साताऱ्याला भल्या पहाटे शेगडीवर परात ठेवून बसायची. तिळावर चमचाभर पाक, मग बोटांच्या टोकांनी दाणे फिरवत राहायचं, सुकले की पुन्हा चमचा. दोन-तीन दिवस हेच. शेवटी दाण्यादाण्याला काटा फुटायचा आणि आजी तो आमच्या गालाला लावून दाखवायची.

इथे मेलबर्नला ऐन उन्हाळा. शनिवारी पहाटे पाचला उठून बसले, तर दाणे गुळगुळीतच राहिले आणि दुपारपर्यंत त्यांचा गोळा झाला. रडूच आलं. काय चुकतंय? आणि बोरं कुठून आणायची? भारतातून ताजी फळं आणू देत नाहीत. की इथे हा सणच थंडीत, जून-जुलैत करावा?

पर्थकर
चिनी दुकानात वाळलेली लाल बोरं मिळतात. चव आपल्या बोरांची नाही, पण जातकुळी तीच. आम्ही लेकाला ती ओवून गळ्यात घातली आणि डोक्यावरून फक्त चुरमुरे ओतले. बी तोंडात जाण्याची भीती नको. संक्रांतीलाच करायला हवं असंही नाही, रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं. तुमच्याकडे गार वारा सुटून पारा एकदम उतरतो ना, तो दिवस धरा. काळं झबलं मलमलीचं शिवा.

आकाशवेडा
आपण म्हणतो, संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं वाढतो. मेलबर्नला तो २२ डिसेंबरच्या सुमारासच तिळातिळानं लहान व्हायला लागलेला असतो. भारतातही दिवस खरा तेव्हापासूनच वाढतो. पृथ्वीचा अक्ष हळूहळू फिरतो, त्यामुळे साधारण ७० वर्षांत एक दिवस या हिशोबानं संक्रांत पुढे सरकत १४-१५ जानेवारीवर आली आहे. सूर्याचा मकर प्रवेश मात्र सगळ्या पृथ्वीवर एकाच क्षणी होतो. म्हणून माझं मत, सण जानेवारीतच करावा.

ऑकलंडची_मावशी
अगं, तुझा हात चुकत नाहीये, हवा चुकतेय. काट्याला गार आणि कोरडी हवा लागते. मी बावीस वर्षं इथे आहे. हलवा जुलैत करते, आपल्या इथल्या थंडीत, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात जानेवारीपर्यंत ठेवते. यंदा तेवढा वेळ नाही, तर खोलीत एसी लावून बस. त्यानं हवा कोरडी होते. पाक पातळ ठेव, आच अगदी मंद, आणि चमचा अर्धाच टाक. घाई केलीस की दाणे चिकटलेच.

जाईची_आई
मावशी, काल रात्री जाई झोपल्यावर एसी लावून बसले. साडेबाराच्या सुमारास तिळाच्या एका बाजूला बारीक टोकं दिसली. पुन्हा पुन्हा दिव्याजवळ नेऊन बघितली. बाजूबंद आणि मुकुटापुरता हलवा होईल असं वाटतंय. हार जुलैत करेन, पुढच्या वर्षासाठी.