पत्रिका छापायला जायच्या आधी नावाचं ठरवा 🙏

शुभाआत्या: पत्रिकेचा नमुना बघितला. "रिया" छापलंय. मधुरा फोनवर वेगळंच काहीतरी म्हणाली होती. रविवारी बाळाच्या कानात कुर्र मी करणार, धपाटे मी खाणार, आणि नाव धड मलाच माहीत नाही!

संजूदादा: जेवायला नक्की किती जण? आचारी विचारतोय.

अमेय: आत्या, रागावू नकोस. नाव ग्रीक आहे, ऱ्हेआ. झ्यूस देवाची आई.

नानाकाका: ऱ्हास आणि ऱ्हस्व सोडून ऱ्ह ने सुरू होणारा एक बरा शब्द दाखवा. शिवाय अक्षर "रे" आलंय. स्वाती, दुसरा चरण.

वीणामामी: नेटवर रिया म्हणजे गाणारी असं दिलंय. छान आहे की 😊

मधुरा: मामी, नावांच्या याद्यांत असतं तसं, पण मला कोशात कुठे मिळालं नाही. ग्रीक नावाची व्युत्पत्तीही पक्की ठरलेली नाही. प्लेटोने ते "वाहणे" या अर्थाच्या धातूशी जोडलं होतं. काही जुने लोक "एरा" म्हणजे भूमी, तिची अक्षरं उलटसुलट होऊन झालं असं मानायचे.

आजी: आमच्यात कुलस्वामिनीचं रेणुका ठेवतात. असो. मूल तुमचं.

नानाकाका: रेणुका उत्तम. अक्षर "रे" आहे.

चिन्मय: शहामृगासारखा एक पक्षी असतो दक्षिण अमेरिकेत, त्याचं नाव पण ऱ्हिया 😂 आणि शनीच्या एका चंद्राचं. कॅसिनीने १६७२ मध्ये शोधला, नाव १८४७ मध्ये जॉन हर्शेलने सुचवलं.

शुभाआत्या: शनी??? बारशात शनी?

नानाकाका: तूळ राशीला शनी उच्चीचा असतो, शुभा. घाबरू नकोस.

वीणामामी: विहानच्या बारशाला पत्रिकेत माझं नावच राहिलं होतं. तेव्हा कुणी इतकी चर्चा केली नव्हती. सहज आठवलं.

संजूदादा: किती जण????

मधुरा: आजी, हे नाव मी का धरून बसलेय ते एकदा सांगते. ऱ्हेआच्या नवऱ्याला, क्रोनसला, भाकीत होतं की त्याचंच मूल त्याला गादीवरून खाली ओढेल. म्हणून ऱ्हेआला मूल झालं की तो गिळायचा. पाच गेली. सहाव्याच्या वेळी तिने एक दगड बाळाच्या दुपट्यात गुंडाळला आणि त्याच्या हातात दिला. त्याने तोच गिळला. खरं बाळ, झ्यूस, क्रीट बेटावरच्या गुहेत वाढलं. त्याचं रडणं ऐकू जाऊ नये म्हणून बाहेर कुरेटीस नावाचे वीर ढालींवर शस्त्रं आपटत नाचायचे. पुढे क्रोनसला सगळं ओकावं लागलं, पाचही पोरं बाहेर आली. तो दगड ग्रीसमधल्या डेल्फीच्या देवस्थानात ठेवला होता, त्यावर रोज तेल घालायचे. मला ही आई फार आवडते.

शुभाआत्या: देवकीचंच दुःख गं.

आजी: दुपट्यात दगड? बारशाला वरवंट्याला कुंची घालून पाळण्याखालून देतात, गोविंद घ्या गोपाळ घ्या म्हणत. तसाच?

मधुरा: हो आजी! मला तेच आठवलं होतं. त्यांचा-आपला संबंध आहे असं नाही म्हणत मी. पण तुम्ही विहानच्या वेळी वरवंट्याला काजळाचा तीट लावला होता, मी शेजारी उभी होते.

आजी: लावायचाच असतो.

नानाकाका: "रे" आणि "आ". म्हणजे रेआ. अक्षर बसतंय की! ऱ्ह चा हट्ट सोडा फक्त.

अमेय: मधुरा?

मधुरा: चालेल. आजच्या ग्रीकमध्ये रेआच म्हणतात.

शुभाआत्या: मग पत्रिकेत रेआ. पाळण्यात दुसरं नाव रेणुका, ते मी सांगणार. यावर चर्चा नको.

वीणामामी: निमंत्रकांत माझं नाव घाला या वेळी.

अमेय: पहिलंच घालतो मामी.

संजूदादा: आता तरी आकडा 🙏🙏

आजी: साठ धर. घुगऱ्या मी भिजवते. आणि माझा वरवंटा माळ्यावर आहे, तो आज कुणीतरी काढून धुऊन द्या. मिक्सरच्या घरात दुसरा मिळायचा नाही.