शब्दचर्चा: थ्रस्टला रेटा म्हणावं की प्रणोद?

शब्दवेडी: नववीतल्या भाच्यासाठी जेट इंजिनावर चार पानं मराठीत लिहायला घेतली आणि पहिल्याच ओळीत अडले. थ्रस्ट, म्हणजे विमानाला पुढे ढकलणारा इंजिनाचा जोर! ‘प्रणोद’ लिहिलं तर म्हणाला, “मावशी, हा कोण?” साधा ‘धक्का’ चालेल का?

गोदाकाठ: नको. धक्का बसतो आणि संपतो. इंजिन जोर लावून धरतं, म्हणून रेटा. कामाचा रेटा, गर्दीचा रेटा म्हणतो तसाच. शेतात मोटर सुरू झाली की पाइपाचं तोंड हातातून मागे उसळतं ना? पाणी पुढे, हात मागे. हाताला जाणवतो तोच रेटा. इंजिनाचा झोत मागच्या हवेवर आपटून विमान पुढे जातं असं पुष्कळांना वाटतं. तसं असतं तर अवकाशात रॉकेट जागचं हललं नसतं.

निवांत: पण बंद गाडीला आपण धक्काच मारतो, रेटा नाही.

गोदाकाठ: कारण ती सुरू झाली की सोडून द्यायची असते :)

मात्रा: प्रणोदावर एवढे चिडू नका. ‘नुद्’ म्हणजे ढकलणे. ‘विनोद’ही त्याच धातूचा, चिंता दूर ढकलणारा. तरी भाच्याला रेटाच द्या.

निवांत: बरं, रेटा मान्य. माझं भांडण जेट इंजिनाच्या ‘झोत इंजिन’ या मराठी नावाशी आहे. मिग-२१ या लढाऊ विमानाचं टर्बोजेट घ्या. हवा आत ओढली, दाबली, केरोसीन पेटवलं, वाटेत टर्बाइन, म्हणजे पात्यांचं चाक, फिरवून सगळी हवा मागे सुसाट. तिथे झोत शोभतो. पण ए३२०निओ या प्रवासी विमानावरच्या लीप इंजिनात गाभ्यातून जाते त्याच्या सुमारे ११ पट हवा बाहेरच्या बाहेर जाते. तिला आग शिवतही नाही, पुढचा पंखा नुसता ढकलतो. बहुतेक रेटा या गार हवेचाच. याला ‘पंखा इंजिन’ का म्हणू नये?

शब्दवेडी: पण सगळीच हवा तापवून जोरात फेकली तर जास्त बरं नाही का?

गोदाकाठ: इंधनाचं बिल कोण भरणार? विमान उभं आहे असं धरा. रेटा म्हणजे दर सेकंदाला किती हवा, गुणिले तिला दिलेला वेग. दुप्पट हवा निम्म्या वेगाने फेकली तर रेटा तेवढाच. ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गावर जाते, म्हणून ती निम्मीच लागते. फक्त झोत विमानापेक्षा वेगाने निघायला हवा, नाहीतर रेटाच उरत नाही. म्हणून आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या काँकॉर्ड या प्रवासी विमानाला टर्बोजेटच होतं.

लहानपणी आम्ही नाशिकच्या ओझरजवळ राहायचो, जिथे मिग विमानं बनत. मिग वर गेलं की मांडणीवरची भांडी वाजायची आणि आजी दूध उतरवून ठेवायची. मिग-२१ च्या ‘बिस’ प्रकाराचं इंजिन एरवी ४० किलोन्यूटनच्या आसपास रेटा देतं. आफ्टरबर्नर लावला, म्हणजे टर्बाइनच्या मागे पुन्हा इंधन ओतून पेटवलं, की ७० च्या घरात. इंधन अर्थात धो धो.

मात्रा: एटीआर या छोट्या प्रवासी विमानाच्या इंजिनाला मात्र २,७५० अश्वशक्ती म्हणतात, किलोन्यूटन नाही. का?

निवांत: टर्बोप्रॉप आहे ते. झोतातली जवळजवळ सगळी ताकद टर्बाइनच काढून घेतं आणि बाहेरचा सहा पात्यांचा पंखा फिरवतं. नळकांड्यातून निघणाऱ्या झोताचा रेटा किरकोळ. इंजिन शक्ती देतं, रेटा पंखा देतो.

शब्दवेडी: आणि रॅमजेट? त्यात तर पंखाच नाही म्हणे.

गोदाकाठ: पंखा नाही, टर्बाइन नाही. स्वतःच्या वेगाने समोरची हवा तोंडात कोंबली जाते आणि तिथेच दाबली जाते. पण त्यासाठी वेग आधीच हवा, उभ्या जागी रॅमजेट ढिम्म. म्हणून ब्राह्मोसमध्ये आधी घन इंधनाचं रॉकेट पेटतं, क्षेपणास्त्राला आवाजाच्या पुढे नेतं आणि गळून पडतं. मग रॅमजेट सूत्रं हाती घेतं.

निवांत: म्हणजे धक्का स्टार्ट!

शब्दवेडी: लिहिलं. पहिला धक्का, मग रेटा. भाचा हसतोय.