मदत हवी आहे: नानांच्या डोळ्यातलं सिलिकॉन तेल काढणं लांबवावं का?

नमस्कार मंडळी,

आम्ही रावेर तालुक्यातले. वडिलांच्या (नानांच्या) उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. केळीचे घड उतरवताना म्हणाले, "एका बाजूनं काळोख चढतोय." ऑपरेशन झालं, पडदा जागेवर बसला, तो तिथेच टेकून राहावा म्हणून आत सिलिकॉन तेल भरलंय. हे तेल पाण्याहून हलकं, वर तरंगतं; मान खाली असली तरच मागच्या पडद्याला टेकून राहतं. म्हणून आमच्याकडच्या त्या उन्हाळ्यात नाना ओट्यावरच्या खाटेवर पालथे, कपाळ उशीला लावून पडून होते. कुरकुर केली नाही.

आता डॉक्टरांनी तेल काढायला सांगितलंय आणि नाना अडून बसलेत. "दिसतंय ना भाऊ, मग परत कशाला चिरफाड? माल कापणीला आलाय." पण मागच्या तपासणीत डोळ्याचं प्रेशर २८ निघालं (साधारण १० ते २१ हवं). प्रेशर उतरवायला टिमोलॉलचे थेंब चालू आहेत. तेल फार दिवस राहिलं की फुटून त्याचे बारीक थेंब होतात, डोळ्यातलं पाणी निचरतं त्या जाळीत अडकतात आणि प्रेशर वाढतं, एवढं समजलंय. मोतीबिंदूही वाढतो. दुसरीकडे, तेल काढल्यावर पडदा पुन्हा सुटू शकतो, क्वचित काहींची नजर कारण न सापडता कमी होते. त्यामुळे मलाही नानांना ठामपणे सांगता येत नाही.

ऑपरेशनच्या कार्डावर 'पीएफसीएल' असंही लिहिलंय. हा पाण्याहून जड द्रव. पडदा सपाट करायला ऑपरेशनमध्ये घालतात आणि सहसा तिथेच काढून घेतात. २०१५ मध्ये स्पेनमध्ये 'आला ऑक्टा' या जर्मन बनावटीच्या अशाच द्रवानंतर अनेकांची नजर गेली, तो बाजारातून परत घेतला गेला, हे वाचून पोटात गोळा आला. नानांची नजर सुधारतेय, म्हणून त्यात अडकत नाही. पण पुढच्या खेपेला वापरतील त्या द्रवाची कंपनी आणि बॅच नंबर कार्डावर लिहून मागितला तर डॉक्टरांना राग येईल का? बियाण्याच्या पावतीवर लॉट नंबर आपण बघतोच की.

कुणी प्रेशर वाढलेलं असताना तेल काढणं पुढे ढकललंय का? काढल्यावर प्रेशर उतरलं का? मोतीबिंदू त्याच वेळी करून घेतला का? जळगाव-धुळे भागातल्या कुणाचा अनुभव असेल तर जरूर लिहा. आणि इथे कुणी डोळ्यांचे डॉक्टर असतील तर, २८ प्रेशरवर कापणी उरकेपर्यंत थांबणं कितपत सुरक्षित आहे? येत्या आठवड्यात दाखवायला जायचंय, त्याआधी नानांशी बोलायचंय.